कवीचा चेहरा आणि कवितेतली माणसे

२०२५ च्या फेब्रुवारीत मराठी वाचकांच्या जिव्हारी लागणारी एक बातमी आली. दलित तरुणांच्या ‘दलित पँथर’ या लढाऊ संघटनेच्या चळवळीवरील ‘चल हल्ला बोल’ या चित्रपटात वापरलेल्या, पँथरचे एक संस्थापक असलेले कवी नामदेव ढसाळ यांच्या कवितांवर केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने आक्षेप घेतला आणि त्या ओघात ‘कोण नामदेव ढसाळ?’ अशी विचारणा केली, असे त्या बातमीत म्हटले होते. लोक संतापले आणि ते संतापणे योग्यच होते. मात्र त्या संतापातून जी उत्तरे दिली गेली, ती वाचताना मला वाईट वाटले. ढसाळांना १९९९ साली पद्मश्री मिळाली, साहित्य अकादमीने सुवर्णमहोत्सवी वर्षात त्यांना जीवनगौरव दिला, त्यांच्या कविता परदेशी भाषांत गेल्या, अशी यादी जो तो पुढे करत होता. ज्या कवीने प्रतिष्ठेच्या सगळ्या मोजपट्ट्या मोडीत काढल्या, त्याची ओळख पटवायला आपल्याला प्रमाणपत्रेच सापडावीत? आणि त्याच सुमारास तो जुना वादही पुन्हा वर आला: ढसाळांवर चरित्रपट निघालाच तर पडद्यावर ढसाळ कोणी व्हावे? एका बाजूने ‘दलित नटच हवा’ असा आग्रह आणि दुसऱ्या बाजूने ‘कलेला जात नसते’ हे ठेवणीतले वाक्य.

या दोन्ही बाजू भलत्याच जागी भांडत आहेत, असे माझे मत आहे. अशा कवीच्या चित्रपटात प्रतिनिधित्वाचा प्रश्न खरा आहे आणि तो निर्णायकही आहे. परंतु त्याची सुरुवात पटकथा लिहिणाऱ्यांच्या बैठकीत होते आणि त्याचा निकाल लागतो तो कवीच्या अवतीभवतीच्या माणसांना पडद्यावर स्वतःचे बोलणे मिळते की नाही, यावर. मुख्य नट कोण, हा या मोठ्या प्रश्नाचा एक भाग आहे, आणि सगळा वाद तेवढ्याच भागात कोंडला गेल्यामुळे बाकीचा प्रश्न कोणी विचारतच नाही.

आधी ‘कलेला जात नसते’ म्हणणाऱ्यांचा सर्वांत बळकट मुद्दा मान्य करतो. अभिनय म्हणजे परकायाप्रवेश. जो जसा जन्मला तशीच भूमिका त्याने करावी, असा नियम केला तर अभिनय नावाची कलाच उरणार नाही. शिवाय ज्या नटांसाठी आपण हा नियम मागतो, त्यांनाच तो उद्या एका खोलीत बंद करील. दलित नटाने फक्त दलित पात्रेच करायची का? जब्बार पटेलांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या चित्रपटात मामुट्टी आंबेडकर झाले. केरळातला, मुस्लिम घरातला हा नट. त्या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ज्यांच्या घरात बाबासाहेबांची तसबीर असते त्या लोकांनी त्यांचे आंबेडकर आपले मानले. ‘दलित नटच हवा’ हा आग्रह या एका उदाहरणापुढे लंगडा पडतो, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

मात्र हेच उदाहरण आणखी थोडे जवळून पाहावे. त्या चित्रपटाच्या लेखकांमध्ये सूनी तारापोरवाला आणि अरुण साधू यांच्याबरोबर दया पवार यांचे नाव आहे. ‘बलुतं’ हे दलित आत्मकथन लिहिणारा माणूस त्या बैठकीत होता. कावाखान्यातले बालपण ज्याने भोगले आणि मग कागदावर उतरवले, त्याच्या कानावरून गेलेले संवाद आणि ज्याने ते आयुष्य फक्त वाचले आहे त्याने लिहिलेले संवाद यांच्यात फरक पडणारच. मामुट्टींच्या आंबेडकरांवर विश्वास बसतो तो त्यांच्या असामान्य अभिनयामुळे, यात शंका नाही. परंतु पायाखालची जमीन पक्की करणारे इतर कोणी तिथे होते, म्हणूनही तो बसतो. ‘कलेला जात नसते’ म्हणताना मामुट्टींचे नाव सतत घेतले जाते आणि दया पवारांचे घेतले जात नाही, हे मला बरेच काही सांगून जाते.

याच मुद्द्याला आपल्या रंगभूमीच्या आणि सिनेमाच्या इतिहासात एक जुना दाखला आहे. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके नावाचे एक पुरुष, उपाहारगृहात स्वयंपाक करणारे. सिनेमात काम करायला बाई मिळेना, म्हणून. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तेच राम झाले आणि तेच सीताही झाले. रंगभूमीवर त्याच काळात बालगंधर्वांनी स्त्रीभूमिकांना जे वैभव दिले, ते पाहून घरंदाज बायका त्यांच्या नेसण्या-माळण्याचे अनुकरण करत. बालगंधर्वांच्या कलेला कमी लेखण्याचा करंटेपणा कोणी करू नये. पण त्या काळी एखाद्या स्त्रीने मंचावर येण्याची इच्छा सांगितली असती, तर तिला उत्तर काय मिळाले असते? पुरुष हे काम इतके सुंदर करत असताना बाईची गरज काय? कलेला कुठे बाई-पुरुष असतो? दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी १९१३ मध्येच फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये काम केले तेव्हा हा दरवाजा किलकिला झाला. बालगंधर्व थोर होते म्हणून दार बंद असणे न्याय्य ठरत नव्हते, आणि दार बंद होते म्हणून बालगंधर्वांची थोरवी उणी होत नव्हती. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘हा नट ही भूमिका करू शकतो का?’ हा कलेचा प्रश्न आहे. ‘ज्यांना कधी बोलावलेच गेले नाही ते कोण?’ हा न्यायाचा प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर देऊन दुसऱ्याचे तोंड बंद करणे ही आपली जुनी खोड आहे.

आणि कलेला जात नसती तर पी. के. रोझी यांच्यावर ती पाळी कशाला आली असती? मल्याळम सिनेमाच्या या पहिल्या नायिकेने मूकपटांच्या काळात ‘विगतकुमारन’मध्ये नायर स्त्रीची भूमिका केली. रोझी दलित होत्या. दलित बाईने नायर बाई व्हावे, हे प्रेक्षागृहातल्या सवर्णांना सहन झाले नाही. दंगा झाला आणि रोझींना आपला मुलूख कायमचा सोडून जावे लागले. म्हणजे परकायाप्रवेशाचा हक्क वरून खाली येणाऱ्याला होता, खालून वर जाणाऱ्याला नव्हता. आज परिस्थिती तितकी उघड नसेल. तरीही गोऱ्यागोमट्या नटाला मेकअपच्या खुर्चीत बसवून दोन छटा सावळे करायचे, केस विस्कटायचे, बनियनला भोक पाडायचे आणि त्या लूक टेस्टच्या छायाचित्राला ‘परिवर्तन’ म्हणून मिरवायचे, हे आपण वारंवार पाहतो. सावळा माणूस सापडत नाही म्हणून हे होत असेल, यावर कोण विश्वास ठेवील?

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण तिथली चूक मला अधिक खोल वाटते आणि त्या बाजूशी माझे नाते जवळचे आहे. नटाची जात योग्य असली की प्रतिनिधित्व झाले, असे मानणे म्हणजे शिरगणती करून मोकळे होणे. ढसाळांसारख्या कवीच्या बाबतीत हे फारच अपुरे आहे. पुण्याजवळच्या पूर-कनेरसर गावी १९४९ साली जन्मलेला हा मुलगा मुंबईत आला तो खाटिकाकडे काम करणाऱ्या वडिलांच्या मागे, आणि वाढला तो कामाठीपुऱ्याच्या परिसरातल्या ढोर चाळीत. १९७२ मध्ये ‘गोलपिठा’ हा त्याचा कवितासंग्रह आला, तेव्हा त्या पुस्तकातून एकटा कवी बाहेर पडला नाही. एक अख्खी वस्ती बाहेर पडली. देहविक्रय करणाऱ्या बायका, दलाल, हिजडे, पाकीटमार, गर्दुल्ले, मुसलमान शेजारी, उपाशी पोरे. सगळ्या जातींचे, सगळ्या धर्मांचे आणि देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतून येऊन तिथे अडकलेले लोक. विविधता हे पाश्चात्त्यांकडून आलेले फॅड आहे, अशी तक्रार करणाऱ्यांनी हा संग्रह एकदा उघडावा. विविधता हा या कवितेचा मूळ ऐवज आहे. मग अशा कवीच्या चित्रपटात नायक तेवढा तपासून घेतला आणि मागची सारी वस्ती धूर, लाल दिवे आणि खिडकीत उभ्या असलेल्या निनावी बायका इतकीच उरली, तर आपण काय मिळवले? ज्या कवीने ‘मंदाकिनी पाटील’ या एका तरुण वेश्येचे नाव कवितेच्या शीर्षकात घेतले, त्याच्या चित्रपटात तिथल्या एकाही बाईला नाव नसावे?

माझ्याकडच्या ‘गोलपिठा’च्या प्रतीत पहिल्या काही पानांवर पेन्सिलीने केलेल्या खुणा अजून आहेत. महाविद्यालयात असताना, न कळणारे शब्द नंतर शब्दकोशात पाहू, या भाबड्या समजुतीने मी त्या केल्या होत्या. शब्दकोशात त्यांतले फारसे काही नव्हते. ते मराठी शब्द होते, माझ्या घरापासून लोकलने तासाभरावर रोज बोलले जात होते आणि माझ्या मराठीला त्यांचा पत्ता नव्हता. नंतर कळले की विजय तेंडुलकरांचीही हीच गत झाली होती. ‘गोलपिठा’ची प्रस्तावना लिहायची म्हणून त्यांनी ढसाळांकडून शब्दांचे अर्थ समजून घेतले, त्यांच्याबरोबर त्या गल्ल्यांतून फिरले आणि आपल्याला हे जग ठाऊक नाही हे प्रस्तावनेत लपवले नाही. बाहेरच्या माणसाने आत कसे जावे, याचा इतका चांगला दाखला मला दुसरा सुचत नाही. म्हणून केवळ दलित दिग्दर्शकच हा चित्रपट करू शकेल, हे मी मानत नाही. तेंडुलकरांसारखे विचारायला जाणारा कोणीही तो करू शकेल. अट आहे ती विचारायला जाण्याची, आणि ज्याला विचारले त्याचे नाव, त्याचे मानधन व त्याचा शब्द राखण्याची.

चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ चा ‘कोर्ट’ मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. दिग्दर्शक त्या वस्तीतला नाही. परंतु नारायण कांबळे या शाहिराच्या भूमिकेत वीरा साथीदार होते, ‘विद्रोही’ या नियतकालिकाचे संपादक, आयुष्य चळवळीत घालवलेले, व्यवसायाने नट नसलेले, आणि गाणी लोकशाहीर संभाजी भगत यांची. त्या चित्रपटात एक साक्ष आहे. मॅनहोलमध्ये मेलेल्या कामगाराची बायको साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहून सांगते की तो आत उतरण्याआधी दगड टाकून बघायचा. झुरळ बाहेर आले तर आत हवा आहे असे समजायचा. सपाट आवाजात, घरातला हिशेब सांगावा तसे ती सांगते. ना पार्श्वसंगीत, ना डोळ्यांत पाणी. प्रेक्षक म्हणून त्या वेळी मला शाहिराचाही विसर पडला होता. चित्रपट एका कवीवरच्या खटल्याचा आहे आणि त्याचा सर्वांत भेदक क्षण कवीच्या वाट्याला न येता त्या बाईच्या वाट्याला येतो. प्रतिनिधित्व म्हणतात ते मला इथे दिसते.

आता ढसाळांच्या पत्नी मल्लिका अमर शेख यांच्याविषयी. ढसाळांवरील कोणत्याही चित्रपटाची खरी कसोटी इथे आहे, आणि नेमक्या याच ठिकाणी ‘आपला माणूस’ म्हणणाऱ्यांचा आवाज खाली जातो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्या पहाडी आवाजाने मैदाने भरून जात, त्या शाहीर अमर शेखांची ही मुलगी. ‘वाळूचा प्रियकर’ या संग्रहाची कवयित्री. ढसाळांशी कोवळ्या वयात लग्न झाल्यावर जे वाट्याला आले, मारहाण, व्यसन, घरातली ओढाताण, चळवळीच्या नावाखाली गिळावा लागलेला एकटेपणा, ते सारे त्यांनी १९८४ साली ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ या आत्मचरित्रात लिहिले. कवी हयात असताना, त्याच शहरात राहून, त्याच वर्तुळात वावरत असताना लिहिले. त्या पुस्तकात केवळ आरोप नाहीत. त्या माणसाविषयीचे न संपणारे आकर्षणही त्यात आहे, आणि म्हणूनच ते वाचणे अवघड जाते. चरित्रपट लिहिणाऱ्याला या पुस्तकाला वळसा घालून जाता येणार नाही. त्यातला एखादा भांडणाचा प्रसंग उचलून ‘कवीच्या अस्वस्थतेचे’ दर्शन घडवणे, हाही वळसाच.

इथे जो आक्षेप येतो तो हलका नाही. शतकानुशतके ज्या समाजाची प्रतिमा इतरांनी विटाळली, त्या समाजाला एक मोठा कवी लाभला, तर तुम्ही पहिल्याच चित्रपटात त्याला बायकोवर हात उगारताना दाखवणार? सवर्ण कवींच्या घरातली भांडणे किती चित्रपटांनी दाखवली? दलित पुरुष म्हणजे दारुडा आणि मारकुटा, हे चित्र ज्यांच्या डोक्यात आधीच पक्के आहे, त्यांना तुम्ही आयता पुरावा देत आहात. हा आक्षेप मी पुन्हा पुन्हा मनात घोळवला आहे आणि त्यातली वेदना मला खरी वाटते. ही भीती काल्पनिक नाही. थिएटरमध्ये कोण कशावर हसते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

तरीही तो आक्षेप मला मान्य नाही, आणि त्याचे कारण त्याच्याच तर्कात आहे. इतरांनी आमच्याविषयी बोलू नये, आम्हाला आमचे बोलू द्यावे, हा प्रतिनिधित्वाच्या मागणीचा गाभा आहे. मग तोच हक्क घरातल्या बाईने मागितला तर तिला समाजाच्या प्रतिष्ठेसाठी गप्प राहा म्हणायचे? मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास ‘आम्हीही इतिहास घडवला’ या नावाने १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. त्या शीर्षकातला ‘ही’ कोणाला उद्देशून आहे? तो केवळ सवर्ण इतिहासकारांना उद्देशून नाही. सरसकट चित्रणाची भीती असेल तर तिच्यावरचा उपाय अधिक माणसे दाखवणे हा आहे, कमी दाखवणे नव्हे. पडद्यावर एकच दलित पुरुष असला की तो साऱ्या जातीचा नमुना ठरतो. पँथरमधले राजा ढाले, ज. वि. पवार, अर्जुन डांगळे, १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या दंगलीनंतर मोर्चावर टाकलेल्या दगडाने मारले गेलेले भागवत जाधव, अशी वेगवेगळ्या स्वभावांची, वेगवेगळ्या मतांची, आपसात कडाडून भांडणारी माणसे जेव्हा पडद्यावर असतील, तेव्हा नामदेवचे वागणे हे नामदेवचे राहील. एका माणसावर साऱ्या समाजाचे ओझे न टाकता त्याला माणूस म्हणून दाखवायचे असेल, तर त्याच्या बाजूला इतरही माणसेच उभी करावी लागतात.

याच न्यायाने राजकीय विसंगतीही दाखवावी लागेल. आणीबाणीच्या काळात १९७६ साली इंदिरा गांधींवर लिहिलेली ‘प्रियदर्शिनी’ ही कविता, ज्या शिवसेनेशी पँथर वरळीत झुंजले तिच्याशी पुढे झालेली जवळीक, ‘सामना’तले स्तंभलेखन. हे सारे वगळून केलेला ढसाळ पुतळ्यासारखा होईल, आणि पुतळा कविता लिहीत नाही.

‘अस्वस्थ कवी’ या साच्याबद्दलही मला बोलायचे आहे, कारण प्रतिनिधित्वाचे सर्वांत मोठे नुकसान या साच्याने केले आहे. चरित्रपटाला कवी आवडतो तो त्याच्या उद्ध्वस्तपणासाठी. रात्र, बाटली, फाडलेले कागद, आरशावर मूठ. आपल्याकडे अशा पुरुषाला ‘कलंदर’ म्हणण्याची रीत आहे. तशीच वागणारी बाई असती तर तिला कोणी कलंदर म्हटले असते का? या साच्यात अस्वस्थता ही प्रतिभेच्या पोटात जन्मतःच असलेली एखादी आगळीक ठरते आणि ती कुठून आली, हे विचारण्याची गरज उरत नाही. तुकोबांच्या वैराग्यामागे १६३० चा दुष्काळ आहे, अन्नान्न करून गेलेली बायको आहे, पोरगा आहे, बुडालेला व्यापार आहे, आणि शूद्राला हे बोलण्याचा अधिकार कोणी दिला असे विचारणारे धर्मपीठ आहे. ‘बरा कुणबी केलों । नाहीं तरि दंभें असतों मेलों’ असे ज्यांनी म्हटले, त्यांच्या कवितेतून जात बाजूला काढता येईल का? प्रभातच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’ने हा अधिकाराचा प्रश्न तुकोबांचा प्रतिस्पर्धी सालोमालो याच्या वैयक्तिक मत्सरात बराचसा विरघळवला, असे मला वाटते. पण त्याच चित्रपटाने एक मोठे काम केले. त्यात जिजाई आहे. प्रभातमध्ये किरकोळ कामांपासून सुरुवात केलेल्या गौरी या अभिनेत्रीने उभी केलेली ती जिजाई आजारी पोराला फरफटत देवळात नेते आणि हातात वहाण घेऊन विठ्ठलाला जाब विचारते. संताच्या चित्रपटात संताची बायको देवावर चिडते आणि प्रेक्षकाला तिचे म्हणणे पटते. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात आणि ती घर, पोरे व म्हैस यांच्यापाशी राहते. ‘कजाग बायको’ हा शिक्का जिच्यावर तीनशे वर्षे मारला गेला, तिला तिचे कारण त्या चित्रपटाने परत दिले. नव्वद वर्षांपूर्वी दामले आणि फत्तेलाल यांना जे सुचले, ते आज आपल्याला अवघड का वाटावे?

परदेशातही हे दुखणे आहेच. आत्महत्या केलेल्या अमेरिकन कवयित्री सिल्व्हिया प्लाथवर २००३ साली चित्रपट निघाला तेव्हा तिच्या मुलीने त्याला जाहीर विरोध केला. आपल्या आईचा मृत्यू करमणुकीसाठी पुन्हा पुन्हा घडवला जावा, हे तिला असह्य झाले. त्या गोष्टीतली जी ‘दुसरी बाई’, प्लाथचा नवरा कवी टेड ह्यूज जिच्यात गुंतला ती आसिया वेव्हिल, स्वतः बर्लिनमधल्या ज्यू वडिलांची मुलगी होती, नाझींच्या भीतीने कुटुंबासह देश सोडून आलेली, पुढे हिब्रू कवी येहुदा अमिखाईच्या कवितांचे इंग्रजी भाषांतर करणारी. १९६९ मध्ये तिनेही आत्महत्या केली, आपल्या लहान मुलीसह. प्लाथच्या कवितेत ज्यूंच्या संहाराच्या प्रतिमा आहेत, आणि त्या संहारातून प्रत्यक्ष निसटलेली बाई तिच्या चरित्रपटात मोहात पाडणारी सुंदरी म्हणून येऊन जाते. कवीवर सारा प्रकाश टाकला की बाजूचा माणूस असा अंधारात जातो.

साच्याला पूरक ठरते ती प्रमाणन मंडळाची कात्री. २०२५ च्या एप्रिलमध्ये ‘फुले’ या चित्रपटाचे प्रदर्शन ११ तारखेवरून २५ तारखेला गेले आणि प्रमाणन मंडळाने ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ अशा शब्दांना हरकत घेतल्याच्या बातम्या आल्या. जोतिबा आणि सावित्रीबाई ज्या व्यवस्थेशी लढले तिची नावेच पुसली, तर ते नेमके कशाशी लढत होते? उरतात ती दोन भली, थोडी दुःखी, सुशिक्षित माणसे. १८५४ मध्ये ‘काव्यफुले’ प्रसिद्ध करणाऱ्या सावित्रीबाईंच्या अंगावर शेण टाकणारे हात कोणत्या घरांतून आले होते, हे न सांगता ते शेण दाखवता येत नाही. म्हणून ‘सर्वांना सामावून घेणाऱ्या’ गोंडस चित्रणाचीही मला धास्ती वाटते. जिथे भेद होता तिथे सगळ्या रंगांची, सगळ्या जातींची माणसे गुण्यागोविंदाने एका पंगतीत बसलेली दाखवणे, हे विविधतेच्या नावाने केलेले खोटे आहे. ढसाळांच्या भाषेतले शिव्यांचे, शरीराचे, घाणीचे शब्द गाळून त्यांची कविता ‘सर्वांसाठी योग्य’ करणे हा त्याच खोट्याचा पुढचा भाग आहे. ते शब्द म्हणजेच ती वस्ती. शब्द कापला की माणूस कापला जातो.

या साऱ्यात वेळेचाही प्रश्न आहे, आणि त्याची घाई मला फार वाटते. ढसाळ १५ जानेवारी २०१४ रोजी गेले. वीरा साथीदार २०२१ मध्ये करोनाने गेले. ढाले गेले. कामाठीपुऱ्याच्या पुनर्विकासाची योजना म्हाडामार्फत पुढे सरकते आहे. त्या जुन्या चाळी, ते जिने, ती एकमेकांना चिकटलेली खोपटी हळूहळू जातील, आणि घरे चांगली होणार असतील तर ती जावीतही. पण ‘गोलपिठा’तल्या एखाद्या शब्दाचा अर्थ ज्यांना शब्दकोशाशिवाय ठाऊक आहे, अशी माणसे अजून तिथे आहेत. म्हातारपणामुळे धंद्यातून बाहेर पडलेल्या बायका आहेत, टॅक्सी चालवणारा नामदेव ज्यांनी पाहिला असे लोक आहेत, पँथरच्या सभांना कडेवर पोर घेऊन गेलेल्या आणि ज्यांची नावे कुठल्याच पत्रकावर आली नाहीत अशा बायका आहेत. ढसाळांची भूमिका कोण करणार, याची घोषणा करायच्या आधी कोणी निर्माता वही-पेन्सिल देऊन दोन माणसे त्यांच्याकडे पाठवणार आहे का, आणि पाठवलेच तर त्या बायकांची नावे श्रेयनामावलीत लेखकांच्या रांगेत लागणार आहेत का, हे मला विचारायचे आहे.